'आम्ही', 'आपण' आणि यश : मराठी यशोगाथांतील अस्मिताविचार

१

उद्योग-व्यवसायातील यशाची हकीकत सांगणारी आत्मचरित्रे मराठी समीक्षेने आजवर बहुधा साहित्यविचाराच्या परिघाबाहेर ठेवली आहेत. वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद होते, प्रसंगी लेखकाच्या कर्तृत्वाविषयी दोन गौरवाची वाक्ये लिहिली जातात. परंतु संहिता म्हणून त्यांची चिकित्सा क्वचितच होते. या उपेक्षेमागे एक गृहीत आहे. अशा ग्रंथांचे मोल त्यांतील घटनांत असते, भाषा तेथे केवळ घटना वाहून नेते, असे ते गृहीत होय. या गृहीताचा परिणाम असा झाला आहे की, संपत्ती, यश आणि अभिमान यांच्या परस्परसंबंधांविषयी सुशिक्षित मराठी वाचकाच्या ज्या धारणा आहेत, त्या जेथे घडतात त्या वाङ्मयाकडेच समीक्षेची पाठ राहिली आहे. कादंबरीतील सावकार किंवा गिरणीमालक यांची चर्चा पुष्कळ झाली. आपल्या संपत्तीची कथा स्वतःच सांगणारा उद्योजक मात्र समीक्षेच्या तावडीतून सुटला.

या वाङ्मयासंबंधी एक प्रश्न मूलभूत स्वरूपाचा आहे. संपत्ती एका व्यक्तीची वा कुटुंबाची असते. तिच्या कायदेशीर मालकीत वाचकाचा कोणताही वाटा नसतो. असे असता त्या संपत्तीच्या कथेने वाचकाचा ऊर भरून का येतो? मालकी एकाची आणि अभिमान सर्वांचा, ही स्थिती कशाच्या बळावर निर्माण होते? 'मराठी माणसाने नाव काढले', 'भारतीयाने जगात मान मिळवला' अशी वाक्ये इतकी सहज उच्चारली जातात की, त्यांत घडणारे स्थित्यंतर लक्षातही येत नाही. एकाचे यश अनेकांचे होते ते अस्मितेच्या द्वारे; आणि अस्मितेचे हे कार्य भाषेत, विशेषतः सर्वनामांत, घडते. प्रस्तुत लेखात तीन मराठी आत्मकथनांच्या आधारे या कार्याचा शोध घ्यावयाचा आहे.

मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' या रूपातून श्रोता वगळला जातो. 'आपण' या रूपात तो सामावला जातो. इंग्रजीतील 'वुई' किंवा हिंदीतील 'हम' यांत हा भेद नाही. गुजरातीत तो आहे, द्राविडी भाषांतही आहे. मराठीत 'आपण' हे रूप आणखी दोन कामे करते. ते आदरार्थी द्वितीयपुरुषी आहे ('आपण बसावे') आणि आत्मवाचकही आहे ('त्याने आपण होऊन सांगितले'). बोलणारा आणि ऐकणारा यांचा समूह, आदरणीय श्रोता आणि स्वतः, असे तिन्ही अर्थ एकाच शब्दात वसतात. 'आपला माणूस' या शब्दप्रयोगाची सारी ऊब या अर्थसंकरातून येते. यशोगाथेच्या संदर्भात या भेदाला विशेष महत्त्व आहे. ज्या वाङ्मयप्रकाराला 'आमची' संपत्ती 'आपला' अभिमान म्हणून वाचकाच्या स्वाधीन करावयाची असते, त्याच्या दृष्टीने 'आम्ही' आणि 'आपण' यांमधील उंबरठा हे खरे कार्यस्थळ होय.

विचारार्थ घेतलेल्या तीन ग्रंथांची शीर्षकेच या दृष्टीने बोलकी आहेत. शंतनुराव किर्लोस्करांच्या आत्मचरित्राचे नाव 'जेटयुगातील मराठी माणूस' असे आहे. विठ्ठल कामतांच्या ग्रंथाचे नाव 'इडली, ऑर्किड आणि मी' असे आहे. नरेंद्र जाधवांचा ग्रंथ 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) हा होय. पहिल्यात लेखक स्वतःला तृतीयपुरुषी जातिवाचक नामाने संबोधतो, दुसऱ्यात एकवचनी 'मी' येतो, तिसऱ्यात श्रोत्याला बाहेर ठेवणारा 'आम्ही' येतो. एकाही शीर्षकात 'आपण' नाही. तो वाचकाने आणावयाचा असतो, आणि तो आणता येतो की नाही यावरच त्या त्या ग्रंथाचे स्वरूप ठरते.

२

संपत्तीला अस्मितेचा आधार घ्यावा लागावा, यामागे मराठी परंपरेतील एक जुना संकोच आहे. संतवाङ्मयाने धनाला सरसकट त्याज्य मानले असे म्हणणे चूक ठरेल. व्यवहार चोख असावा आणि मिळवलेले धन निरिच्छपणे खर्चावे, अशी तुकोबांची शिकवण गृहस्थाला दिलेली आहे. पण त्याच तुकोबांनी घराण्याच्या सावकारीची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. आणि लोकस्मृतीने व्यवहारचतुर वाण्यापेक्षा खते बुडवणारा संतच अधिक जपला. धन मिळवणारा पुरुष येथे चरित्रनायक व्हावयाचा तर त्याला धनापलीकडचे काही प्रयोजन दाखवणे भाग होते.

एकोणिसाव्या शतकात हे प्रयोजन 'देश' या संकल्पनेने पुरवले. लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' लिहून अर्थशास्त्र मराठीत आणले, तेव्हा संपत्ती हा ज्ञानाचा विषय झाला. पुढे दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणमीमांसा करून संपत्तीच्या अपहरणाचा सिद्धांत मांडला. या सिद्धांताचा वाङ्मयीन परिणाम अद्याप पुरेसा अभ्यासला गेलेला नाही. दारिद्र्य हे प्रत्येकाच्या प्रारब्धाचे नसून देशाचे आहे, असे एकदा मानले की संपत्तीही देशाची ठरते. लुटली गेली ती 'आपली' लक्ष्मी. म्हणून ती परत आणणारा तो 'आपला' माणूस. तळेगावचा काच कारखाना १९०८ साली पैसाफंडातून उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेप्रमाणे प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभारावा, असे त्याचे स्वरूप होते. या प्रयोगात 'आपला कारखाना' हे शब्द अलंकारिक नव्हते. पैसा देणाऱ्याचा त्या अभिमानात खरोखरच वाटा होता.

तथापि हा 'आपण' किती विस्तृत होता, हा प्रश्न त्याच काळात उपस्थित झालेला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेतील अखेरच्या निबंधाचे शीर्षक 'आमच्या देशाची स्थिती' असे आहे. तेथील 'आमच्या' हा शब्द इंग्रजाला बाहेर ठेवतो. तो बाहेर ठेवला की उरलेले सर्व आत आले, असे शास्त्रीबुवांना वाटत असावे. जोतीराव फुल्यांना तसे वाटले नाही. 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा हिशेब मांडताना त्यांनी सरकारइतकेच देशी नोकरशाहीला आणि भटशाहीला जबाबदार धरले. १८८५ साली पुण्यात भरलेल्या मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण नाकारताना त्यांनी लिहिलेले पत्र हा तर सर्वनामांचाच वाद आहे. जे इतरांचे मानवी अधिकार मान्य करीत नाहीत, त्यांच्या सभेत शूद्रातिशूद्रांचा 'आम्ही' विलीन होऊ शकत नाही, हा त्या पत्राचा आशय होय. फुले स्वतः कंत्राटदारीच्या व्यवसायात होते. धनार्जनाला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचा आक्षेप होता तो 'आमचे' आणि 'आपले' यांची परस्पर अदलाबदल करण्याला. पुढील शतकातील यशोगाथांनी चिपळूणकरांचे सर्वनाम स्वीकारले आणि फुल्यांचा आक्षेप विसरला, असे स्थूलमानाने म्हणता येते.

३

किर्लोस्कर घराण्याच्या कथेत देशाभिमानी यशोगाथेची सारी संरचना पूर्णत्वाने आढळते. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली गेली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींच्या व कृषिअवजारांच्या व्यवसायाकडे ते पूर्णपणे वळले. लोखंडी नांगर तयार झाला, पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे शेतकरी तो घेईनात. नांगर दीर्घकाळ पडून राहिले. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळची माळरानाची जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. अपमान, निर्गमन, अरण्यवास, उपहास आणि प्रतिष्ठापना अशी ही क्रमवार रचना आहे. ती पुराणकथेच्या इतकी जवळ आहे की, शं. वा. किर्लोस्करांनी लिहिलेल्या लक्ष्मणरावांच्या चरित्राला 'यांत्रिकाची यात्रा' हे वारीची आठवण करून देणारे नाव मिळावे, यात नवल नाही.

या रचनेत प्रारंभीच्या अपमानाचे स्थान मध्यवर्ती आहे. अपमान करणारा परका असल्यामुळे अपमानित व्यक्ती आपोआप समूहाची प्रतिनिधी होते. लक्ष्मणरावांची बढती डावलली गेली ती ते हिंदी होते म्हणून. त्यामुळे वाचक त्या अपमानात सहज सामील होतो, आणि जो अपमानात सामील झाला तो पुढे यशातही सामील होतो. जमशेटजी टाटांना एका युरोपीय हॉटेलात प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल (१९०३) बांधले, ही आख्यायिकाही याच गरजेतून टिकून आहे. तिचा ऐतिहासिक आधार संशयास्पद मानला जातो. तरीही ती पुनःपुन्हा सांगितली जाते, कारण तिच्याशिवाय ते हॉटेल केवळ एका धनिकाचे हॉटेल राहील.

किर्लोस्करांच्या बाबतीत 'आपण' घडवण्याचे आणखी एक साधन होते, ते छापील शब्दाचे. १९२० साली सुरू झालेली 'किर्लोस्कर खबर' ही मुळात कारखान्याची पत्रिका. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली तिचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. पुढे 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) ही मासिके निघाली. मराठी मध्यमवर्गाच्या सामाजिक आणि वाङ्मयीन अभिरुचीला वळण देणारी मासिके एका यंत्रनिर्मात्याच्या नावाने घरोघर जात होती. ज्याने कधी नांगर धरला नाही तो वाचकही किर्लोस्करवाडीला आपली मानू लागला. यात फसवणूक नव्हती. सुधारणा, स्त्रीशिक्षण, विज्ञाननिष्ठा या मूल्यांचा व्यवहार त्या पानांवर प्रत्यक्ष होत होता, आणि कारखान्याच्या 'आम्ही'ला वाचकांच्या 'आपण'मध्ये येण्याचा अधिकार या व्यवहाराने मिळवून दिला होता. पण या 'आपण'चे सभासदत्व वाचता येण्यावर अवलंबून होते. नांगर विकत घेणारा शेतकरी त्या कथेत ग्राहक म्हणून येतो, आणि प्रथम तर अज्ञ ग्राहक म्हणून येतो.

शंतनुरावांच्या (१९०३–१९९४) पिढीत कथेचा प्रतिस्पर्धी बदलतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेऊन ते १९२६ साली परतले. १९४६ साली पुण्यात डिझेल एंजिनांचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर परका राज्यकर्ता गेला आणि त्याच्या जागी परवाने देणारे शासन आले. नियंत्रित अर्थव्यवस्थेचे स्पष्टवक्ते टीकाकार म्हणून शंतनुराव ओळखले जात. येथे एक अडचण उद्भवते. शासन तर 'आपलेच'; मग त्याच्याशी झगडणाऱ्याचा अभिमान कोणत्या नात्याने बाळगावयाचा? 'जेटयुगातील मराठी माणूस' या शीर्षकाने ही अडचण सोडवली आहे. 'मराठी माणूस' हे विशेषनाम नव्हे. या शब्दांनी लेखक स्वतःला एका जातीचा नमुना म्हणून पुढे ठेवतो: असा मराठी माणूस असू शकतो, हे पाहा. मराठी माणूस नोकरीत रमतो, धंद्यात मागे पडतो, हा समाजाने स्वतःविषयी करून घेतलेला समज त्या शीर्षकामागे उभा आहे, आणि शीर्षक त्याला उत्तर देते. देशी शासनाविरुद्धचा झगडा प्रादेशिक अस्मितेच्या आश्रयाने सांगितला जातो, तर 'जेटयुग' या शब्दाने तीच अस्मिता देशाच्या सीमा ओलांडून जगाच्या मापाला लावली जाते. दिल्लीपुढे मराठी आणि जगापुढे भारतीय, ही दुहेरी ओळख पुढील काळातील यशोगाथांना येथून मिळाली.

४

१९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने या संरचनेत मूलगामी फरक पडला. 'इडली, ऑर्किड आणि मी' हा ग्रंथ त्या फरकाचे नमुनेदार उदाहरण होय. वडिलांनी मुंबईत उभ्या केलेल्या उपाहारगृहाच्या व्यवसायापासून विलेपार्ल्याच्या विमानतळाजवळील पर्यावरणस्नेही पंचतारांकित हॉटेलापर्यंतचा हा प्रवास आहे. ग्रंथाला मोठा वाचकवर्ग लाभला, त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि व्यवसायात पडू इच्छिणाऱ्या तरुणांना तो भेट म्हणून दिला जाऊ लागला.

शीर्षकातील तीन पदांची मांडणी लक्षणीय आहे. इडली हे दक्षिणेकडून मुंबईत आलेले आणि मुंबईने आपलेसे केलेले खाद्य. ऑर्किड हे इंग्रजी नावाने मिरवणारे फूल आणि तेच हॉटेलाचे नाव. आणि शेवटी 'मी'. एका ताटलीत मावणाऱ्या पदार्थापासून विमानतळाजवळच्या वास्तूपर्यंतचे अंतर 'आणि' या अव्ययाने तोडून हा 'मी' उभा राहतो. देशाचा, समाजाचा, घराण्याचा उल्लेख शीर्षकात नाही. लक्ष्मणरावांच्या कथेला ज्या परक्या अपमानकर्त्याची आवश्यकता होती, त्याचीही येथे अनिवार्यता राहिलेली नाही. स्पर्धा, कर्ज आणि जोखीम हेच प्रतिस्पर्धी पुरेसे आहेत.

मग या 'मी'विषयी मराठी वाचकाला अभिमान का वाटतो? उत्तर वाचनव्यवहारात आहे. लेखकाने ज्या समूहाचे प्रतिनिधित्व शीर्षकातून मागितलेले नाही, तो समूह वाचक स्वतःहून बहाल करतो. कोंकणी-सारस्वत वारशाचा आणि दाक्षिणात्य पदार्थावर व्यवसाय उभारणारा उद्योजक 'मराठी माणूसही हॉटेलधंद्यात पुढे जातो' या विधानाचा पुरावा म्हणून वाचला जातो. यात अस्मितेचा उदारपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. मुंबईची मराठी अस्मिता एवढी सर्वसमावेशक असू शकते, ही आनंदाची गोष्ट होय. पण हाच उदारपणा हॉटेलात ताटल्या उचलणाऱ्याला, भांडी घासणाऱ्याला लाभत नाही. तो मराठी असला तरी त्याची गणना 'मराठी माणसा'त होत नाही, आणि परप्रांतीय असला तर त्याच्या परप्रांतीयत्वावरच बोट ठेवले जाते. यशस्वी माणूस सहज 'आपला' होतो. अयशस्वी माणसाला आपलेपणा सिद्ध करावा लागतो. पूर्वी संपत्तीला देशाच्या दरबारात जाब द्यावा लागे. उदारीकरणोत्तर यशोगाथेत अस्मिताच संपत्तीच्या दारात उभी राहून ओळख मागते आहे, असे चित्र दिसते.

५

या पार्श्वभूमीवर 'आमचा बाप आन् आम्ही' या ग्रंथाचे वेगळेपण ठळक होते. तो उद्योजकाचे आत्मचरित्र नाही. येथे संपत्ती नाही, शिक्षण, पद आणि प्रतिष्ठा आहे. तरीही यशोगाथा म्हणूनच तो प्रामुख्याने वाचला गेला. ग्रंथाचा गाभा दामोदर रुंजाजी जाधव यांनी उतारवयात मुलाच्या आग्रहावरून लिहिलेल्या आठवणींचा आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझर गावचा हा महार तरुण येसकरकीचे काम करीत असता, विहिरीतील प्रेत वर काढण्यास त्याने नकार दिला, पोलिसांचा मार खाल्ला आणि पत्नीसह गाव सोडून मुंबई गाठली. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टमधील नोकरी, आंबेडकरी चळवळीतील सहभाग, मुलांचे शिक्षण. आणि अखेर एक मुलगा अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचा डॉक्टरेट घेतलेला अर्थतज्ज्ञ.

लक्ष्मणरावांच्या कथेप्रमाणे ही कथाही अपमानाने आणि निर्गमनाने सुरू होते. कथानकाच्या सांगाड्यापुरते पाहिले तर दोहोंत विलक्षण साम्य आहे. भेद आहे तो अपमान करणाऱ्याच्या स्थानात. दामूला येसकरकीला बांधणारी व्यवस्था परकी नव्हती. ती गावाची होती, आणि गाव हे तर देशाभिमानी वाङ्मयातील 'आपले'पणाचे आदिरूप. मारणारा शिपाई इंग्रजी अंमलाचा असला तरी त्याने मारले ते गावाने महारावर लादलेल्या कामाच्या नावाने. परका अपमानकर्ता वाचकाला नायकाच्या बाजूला आणून उभा करतो. येथे अपमानकर्ता 'आपण'च्या आतच बसलेला असल्यामुळे सवर्ण वाचकाला ती जागा सुखाने घेता येत नाही. त्याला वाचताना स्वतःचे स्थान शोधावे लागते.

शीर्षकातील 'आम्ही' या दृष्टीने अचूक आहे. तो वाचकाला उंबरठ्यावर थांबवतो. 'वडील' न म्हणता 'बाप' म्हणणे आणि 'आणि' न म्हणता 'आन्' म्हणणे यांतून प्रमाण मराठीच्या सभ्यतेला एक नम्र पण ठाम नकार दिला जातो. कामतांच्या शीर्षकातील 'आणि मी' आणि जाधवांच्या शीर्षकातील 'आन् आम्ही' एकाशेजारी एक ठेवून पाहिले तर दोन यशकल्पनांमधील अंतर स्पष्ट होते. पहिल्यात वस्तूंच्या मालिकेअखेर कर्ता येतो. दुसऱ्यात कर्ता बाप आहे आणि मुले 'आन्' नंतर येतात. त्यांचे यश हे बापाच्या नकाराचे फलित आहे.

'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) या आत्मकथनांनी यशाच्या कथानकाला जवळपास थारा दिला नव्हता. त्यांची शीर्षके समाजाने दिलेल्या स्थानाची नावे आहेत, आणि त्या स्थानाची जखम हाच त्यांचा विषय आहे. जाधवांच्या ग्रंथाने दलित आत्मकथनात यशाला जागा दिली. त्याच वेळी 'आम्ही'चा उंबरठा न पुसता ती दिली. मराठी यशोगाथेच्या इतिहासात त्याचे महत्त्व येथे आहे.

६

हा उंबरठा भाषांतरात टिकला नाही. इंग्रजीत हा ग्रंथ प्रथम २००३ साली भारतात 'आउटकास्ट: अ मेमॉयर' या नावाने आणि पुढे २००५ साली अमेरिकेत 'अनटचेबल्स: माय फॅमिलीज ट्रायम्फन्ट जर्नी आउट ऑफ द कास्ट सिस्टिम इन मॉडर्न इंडिया' या नावाने प्रसिद्ध झाला. मराठी शीर्षकात नसलेले तीन शब्द येथे अवतरले आहेत: 'विजयी', 'आधुनिक' आणि 'भारत'. 'आमचा बाप' या दोन शब्दांची जागा 'माझे कुटुंब' या एकवचनी मालकीने घेतली आहे. जातिव्यवस्था ही बाहेर पडण्याची जागा झाली, आणि जेथे ही बाहेर पडण्याची क्रिया घडते तो देश आधुनिक भारत ठरला.

हा बदल केवळ विक्रीच्या सोयीचा म्हणून सोडून देता येत नाही. हीच वर्षे 'इंडिया शायनिंग' या २००३–०४ मधील शासकीय प्रचारमोहिमेची आणि परदेशस्थ भारतीयांच्या यशाला शासकीय मान्यता देणाऱ्या प्रवासी भारतीय दिनाच्या प्रारंभाची (२००३) आहेत. यशस्वी भारतीय ही तेव्हा जगापुढे मांडावयाची ओळख झाली होती. अशा काळात दामूचा नकार भारताच्या विजयाचा दाखला म्हणून सादर होतो. मराठीत हा नकार गावाला जाब विचारतो. इंग्रजी मुखपृष्ठावर तो देशाला प्रशस्तिपत्र देतो. अपमान करणाराच त्या अपमानावरील विजयाचा वाटेकरी होतो. ग्रंथाच्या अंतरंगात ही विसंगती इतकी तीव्र नाही, कारण तेथे दामू आणि सोनू यांचे आवाज आपला खडबडीतपणा राखून आहेत. पण अखेरीस येणारा नातीचा आवाज जात-धर्माच्या पलीकडे गेलेल्या व्यक्तीचा आहे, आणि 'आम्ही'पासून सुरू झालेली कथा पुन्हा 'मी'वर येऊन थांबते.

याच काळात, २००५ साली, पुण्यात दलित उद्योजकांची 'दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री' ही संस्था स्थापन झाली. तिच्या नावात 'दलित' आणि 'इंडियन' हे शब्द कोणत्याही उभयान्वयी अव्ययाविना शेजारी ठेवले आहेत. जाधवांच्या इंग्रजी शीर्षकाप्रमाणे त्यांतील एक शब्द दुसऱ्यातून बाहेर पडण्याची वाट झालेला नाही. संपत्ती आणि भारतीयता यांवर हक्क सांगताना आपल्या 'आम्ही'चे नाव न सोडण्याची ही भूमिका वाङ्मयाबाहेरची असली, तरी वाङ्मयविचाराला तिच्यातून शिकण्यासारखे आहे.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, दीर्घकाळ पारतंत्र्यात आणि दारिद्र्यात राहिलेल्या समाजाला अभिमानाची गरज असते. त्याची सर्वनामे तपासत बसणे ही समृद्धांची चैन होय. हा आक्षेप वजनदार आहे. लक्ष्मणरावांची डावललेली बढती खरी होती, आणि तिच्यातून उपजलेल्या अभिमानाने हजारो तरुणांना यंत्राकडे वळवले हेही खरे. परंतु अभिमानाची गरज मान्य केली म्हणजे त्याच्या सीमारेषेची चिकित्सा अनावश्यक होत नाही. पैसाफंडात पैसा घालणाऱ्याचा अभिमान आणि पंचतारांकित हॉटेल बाहेरून पाहणाऱ्याचा अभिमान या एका नावाच्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्याला वाट्याचा आधार होता. दुसऱ्याला केवळ नामसादृश्याचा आहे.

दुसरा आक्षेप साहित्यशास्त्रीय आहे. शीर्षके आणि सर्वनामे यांवरून एवढा निष्कर्ष काढणे अतिव्याप्त नव्हे काय? 'आम्ही' आणि 'आपण' यांचा वापर प्रत्यक्ष लेखनात सैल असतो. संपादकीय 'आम्ही' तर एकट्याचाही असतो. हे खरे आहे. येथे सर्वनामांची मोजदाद अभिप्रेत नाही. निवेदनात कोणत्या क्षणी वाचकाला आत घेतले जाते, कोणत्या क्षणी बाहेर ठेवले जाते आणि त्या हालचालीत कोणाचा वाटा गळून पडतो, हे पाहण्याची सोय मराठीने आपल्या व्याकरणात करून ठेवली आहे. पाश्चात्त्य कथनमीमांसेतील परिभाषा ज्या भाषांतून आली त्यांतील प्रमुख भाषांना ही सोय नाही. देशी समीक्षेचा आग्रह धरताना भाषेच्या अशा सामर्थ्याकडे दुर्लक्ष व्हावे, हे आश्चर्यकारक आहे.

यशोगाथा हा आज मराठीतील एक जोमदार वाङ्मयप्रकार आहे. उद्योजक, सनदी अधिकारी, परदेशस्थ तंत्रज्ञ यांच्या आत्मकथनांची संख्या वाढत आहे, आणि महाविद्यालयीन विद्यार्थी ती गंभीरपणे वाचतात. लहान गावातून आलेल्या विद्यार्थ्याला त्यांतून बळ मिळते. पण त्याच विद्यार्थ्याला परीक्षेत वा धंद्यात अपयश आले, तर हेच वाङ्मय त्याला एकटे पाडते. कारण त्यातील 'आपण' केवळ यशाच्या बाजूने उघडतो. यशाला भारतीय म्हणावयाचे आणि अपयशाला वैयक्तिक, ही वाटणी भाषेतच झालेली असते. दामूने विहिरीपाशी दिलेला नकार कोणाचा, असा प्रश्न वर्गात विचारला तर विद्यार्थी 'त्याचा' म्हणतात की 'त्यांचा' की 'आपला', याकडे अध्यापकाने लक्ष द्यावयास हवे. या उत्तरातील सर्वनाम बदलेल तेव्हाच संपत्ती आणि अभिमान यांच्या नात्याची चर्चा मराठीत खऱ्या अर्थाने सुरू होऊ शकेल.